मीटरवर व्होल्टेज दिसते, मग मोटार का चालत नाही?

हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले की विदर्भातल्या गावागावांत एकच तक्रार ऐकू येते. वायरमन वावरात येतो, स्टार्टर उघडून मल्टिमीटरच्या दोन पिना लावतो, 225 चा आकडा पाहतो आणि व्होल्टेज बरोबर असल्याचे सांगून निघून जातो. तो गेल्यावर बटण दाबले की मोटार मात्र नुसती घुमते, फिरत नाही, आणि थोड्या वेळाने वाइंडिंग जळाल्याचा वास येऊ लागतो. मग शेतकरी मीटरला दोष देतो, वायरमन मोटारीला देतो आणि रिवाइंडिंगवाला वीजपुरवठ्याला देतो. या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. वीजपुरवठ्याचे वर्णन एका आकड्यात होते असे तिघांनीही गृहीत धरलेले असते, आणि घोळ तेथे असतो. ते वर्णन करायला दोन आकडे लागतात, आणि बंद मोटारीच्या स्टार्टरवर लावलेले मीटर त्यातला एकच दाखवते.

हे दोन आकडे म्हणजे समतुल्य व्होल्टेज आणि समतुल्य रोध. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आणि आयटीआयच्या वर्गात ते शिकवले जातात, पण तेथे चौकोनी आकृत्यांत अडकून पडल्यामुळे विहिरीवरच्या मोटारीशी त्यांचा काही संबंध असल्याचे विद्यार्थ्यांनाही सहसा जाणवत नाही. वास्तविक संत्र्याच्या बगीच्यातली शेवटच्या खांबावरची मोटार हे या विषयाचे उत्तम उदाहरण आहे.

आधी तीन शब्द

तारेतून वीज ढकलणाऱ्या दाबाला व्होल्टेज म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. त्या दाबामुळे तारेतून जो प्रवाह वाहतो तो ॲम्पियरमध्ये मोजतात. तार त्या प्रवाहाला जो अडथळा करते तो रोध, आणि त्याचे माप ओहम. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी 1827 साली या तिघांचे नाते मांडले: प्रवाहाला रोधाने गुणले की जेवढे व्होल्टेज येते, तेवढे व्होल्टेज त्या रोधावर खर्च होते. म्हणजे 3 ओहमच्या तारेतून 10 ॲम्पियर वाहत असतील, तर 30 व्होल्ट त्या तारेतच संपतात आणि पुढे पोहोचत नाहीत. प्रवाह शून्य असेल तर मात्र तारेत काहीच खर्च होत नाही, मग तिचा रोध 3 ओहम असो की 300. या शेवटच्या वाक्यावर पुढचे सगळे विवेचन उभे आहे.

विहिरीवरून दूरच्या वावरात पाइपलाइन नेलेल्या कोणालाही हे वेगळ्या रूपात ठाऊक असते. शेवटच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तेथे दाबमापक लावला तर पंपाजवळचा जवळपास पूर्ण दाब दिसतो, मग पाइप दोन इंचाचा असो की अर्ध्या इंचाचा. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागले की पाइप अरुंद आहे की नाही ते कळते, कारण अरुंद पाइपात वाहत्या पाण्याचा दाब वाटेतच मरतो. बंद मोटारीच्या स्टार्टरवर घेतलेले व्होल्टेज हे बंद व्हॉल्व्हवरचे माप आहे.

दोन आकड्यांचा नियम

डीपीपासून, म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवलेल्या ठिकाणापासून, आपल्या स्टार्टरपर्यंत काय काय असते याची यादी करायला बसले तर ती लांबते: रोहित्राचे वाइंडिंग, खांबांवरच्या तारा, त्यांचे जोड, वाटेत इतरांनी घेतलेली कनेक्शने, त्यांच्या चालू असलेल्या मोटारी, आणि शेवटच्या खांबापासून विहिरीपर्यंत आणलेली केबल. हे सगळे लक्षात घेऊन हिशेब करणे अवघड वाटते. नियम मात्र असे सांगतो की हे जाळे कितीही गुंतागुंतीचे असो, आपल्या स्टार्टरच्या दोन टोकांवरून पाहिले तर ते एका व्होल्टेजच्या उगमासारखे आणि त्याच्याशी ओळीने जोडलेल्या एका रोधासारखे वागते. त्या टोकांना काहीही जोडले, बल्ब असो वा मोटार, त्याला किती वीज मिळेल हे ठरवायला हे दोन आकडे पुरेसे असतात.

हा नियम लेओं शार्ल थेवेनिन या फ्रेंच तार (टेलिग्राफ) अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो 1883 साली प्रसिद्ध केला. मात्र जर्मनीत हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने हीच गोष्ट 1853 मध्ये मांडून ठेवली होती, तीही प्राण्यांच्या स्नायूंतल्या विजेचा अभ्यास करताना. त्यामुळे श्रेय कोणाचे याबद्दल पुस्तकांत एकवाक्यता नाही. तारखात्यातला माणूस या नियमाकडे वळावा हे स्वाभाविक होते, कारण शेकडो किलोमीटर लांबीच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला यंत्र टिकटिकेल की नाही हा त्याचा रोजचा प्रश्न होता. आपल्या शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याचा प्रश्नही जवळपास तोच आहे.

समतुल्य व्होल्टेज काढायचे म्हणजे आपल्या टोकांना काहीही न जोडता तेथे किती व्होल्टेज दिसते ते पाहायचे. समतुल्य रोध काढायचा म्हणजे कागदावरच्या आकृतीत व्होल्टेजचा उगम काढून त्याच्या जागी साधी तार जोडली आहे असे मानायचे आणि मग आपल्या टोकांवरून आत किती रोध दिसतो ते मोजायचे. ही उगमाच्या जागी तार जोडण्याची कृती फक्त कागदावर करायची आहे हे वेगळे सांगायला नको, तरी सांगून ठेवतो. प्रत्यक्ष डीपीवर असे करू पाहणारा माणूस हिशेब पूर्ण करायला उरणार नाही.

एका वावराचा हिशेब

आकडे सोपे राहावेत म्हणून सिंगल फेजवर चालणारी दीड एचपीची मोटार घेऊ. डीपीवर 230 व्होल्ट आहेत आणि डीपीचा स्वतःचा रोध लहान म्हणून तूर्त सोडून देऊ. आपला खांब डीपीपासून 800 मीटर दूर आहे. खांबांवर ॲल्युमिनियमची साधारण 30 चौरस मिलिमीटर जाडीची तार आहे, आणि अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 0.93 ओहम असतो. वीज जाते तशी परतही यावी लागते, म्हणून फेजची तार 800 मीटर आणि न्यूट्रलची 800 मीटर मिळून 1600 मीटर लांबी धरायची. रोध आला सुमारे 1.5 ओहम.

आता खांबापासून विहिरीपर्यंतची केबल. अंतर फक्त 100 मीटर, केबल ॲल्युमिनियमची, 4 चौरस मिलिमीटरची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे 7 ओहम, जाऊन-येऊन 200 मीटर, म्हणजे 1.4 ओहम.

येथे थोडे थांबायला हवे. वीज कंपनीच्या आठ खांबांच्या, बारा खांबांच्या लाइनने जेवढा रोध केला, जवळपास तेवढाच रोध आपण स्वतः दुकानातून आणलेल्या शंभर मीटर केबलने केला. तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या, प्रमाणात कमी होतो. खांबावरची तार सातपट जाड आहे, म्हणून तिची आठपट लांबी आपल्या केबलच्या बरोबरीला येते. कमी व्होल्टेजची तक्रार घेऊन सबस्टेशनवर जाणाऱ्या कित्येकांचा अर्धा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या धुऱ्यावर पडलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच जागी 10 चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर 1.4 चा आकडा 0.56 वर येतो.

एकामागोमाग एक जोडलेले रोध सरळ मिळवायचे असतात, म्हणून 1.5 अधिक 1.4 बरोबर 2.9 ओहम. शेजाऱ्यांच्या मोटारी बंद असताना आपल्या स्टार्टरवरून पाहिलेला संपूर्ण वीजपुरवठा हा असा आहे: 230 व्होल्ट आणि 2.9 ओहम.

मोटार नीट चालू असताना 230 व्होल्टवर सुमारे 10 ॲम्पियर घेते असे धरू. म्हणजे ती 23 ओहमच्या रोधासारखी वागते. एकूण रोध 25.9 ओहम, प्रवाह सुमारे 8.9 ॲम्पियर, आणि मोटारीला मिळालेले व्होल्टेज 204. फार चांगले नाही, पण चालून जाते. अडचण चालू मोटारीची नसतेच. ती सुरू होण्याच्या क्षणाची असते. थांबलेली मोटार पहिल्या एकदोन सेकंदांत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढू पाहते. पाचपट धरले तर तिचा रोध 23 वरून 4.6 ओहमवर येतो. आता एकूण रोध 7.5, प्रवाह 30.7 ॲम्पियर, आणि मोटारीच्या टोकांवर उरले केवळ 141 व्होल्ट. मोटारीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून हा जोर मूळच्या जवळपास 38 टक्केच राहतो. विहिरीतल्या पाण्याच्या स्तंभासमोर एवढा जोर पुरला नाही की मोटार घुमत राहते, प्रवाह खाली येत नाही आणि वाइंडिंग तापत जाते. बंद मोटारीच्या स्टार्टरवर मीटरने दाखवलेले 230 आणि मोटारीने भोगलेले 141 हे एकाच पुरवठ्याचे दोन क्षण आहेत.

शेजारची मोटार चालू झाली तर?

अर्ध्या वाटेवर, म्हणजे डीपीपासून 400 मीटरवर, शेजाऱ्याचे वावर आहे आणि त्याची तशीच मोटार चालू आहे असे समजू. जोड्या-जोड्यांनी हिशेब करू. डीपीपासून त्याच्या खांबापर्यंत 0.75 ओहम, त्याची मोटार 23 ओहम, तेथून आपल्या खांबापर्यंत आणखी 0.75 आणि आपली केबल 1.4.

आपली मोटार बंद असताना आपल्या बाजूच्या तारेत प्रवाह नाही, म्हणून तेथे व्होल्टेज खर्च होत नाही आणि शेजाऱ्याच्या खांबावर जे व्होल्टेज असेल तेच आपल्या स्टार्टरवर दिसेल. त्याच्या खांबावर 230 व्होल्ट 0.75 आणि 23 यांच्यात वाटले जातात. 23 च्या वाट्याला 222.7 येतात. हे झाले समतुल्य व्होल्टेज.

समतुल्य रोधासाठी कागदावर डीपीच्या जागी तार मानायची. आता आपल्या बाजूने पाहता शेजाऱ्याच्या खांबापाशी दोन वाटा फुटतात, एक डीपीकडे 0.75 ची आणि दुसरी त्याच्या मोटारीतून 23 ची. समांतर वाटांचा एकत्रित रोध काढण्याची रीत म्हणजे दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज. तो येतो 0.73, म्हणजे दोन्हींपेक्षा लहान. वाट वाढली की अडथळा कमी होतो हे बुद्धीलाही पटते. त्यात 0.75 आणि 1.4 मिळवले की 2.88 ओहम.

आता जुना पुरवठा आणि नवा पुरवठा शेजारी ठेवून पाहा. 230 व्होल्ट व 2.9 ओहम होते, ते 222.7 व्होल्ट व 2.88 ओहम झाले. शेजाऱ्याच्या मोटारीने आपला समतुल्य रोध जवळजवळ बदललाच नाही, त्याने आपले समतुल्य व्होल्टेज खाली ओढले. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून दोष कोठे आहे ते ओळखता येते. मोटार बंद असतानाच व्होल्टेज कमी दिसत असेल तर कारण वरच्या बाजूला, इतरांच्या भारात किंवा डीपीच्या आधी आहे. बंद असताना व्होल्टेज चांगले आणि चालू करताच कोसळते असे असेल तर कारण डीपी आणि आपली मोटार यांच्यामधल्या रोधात आहे. पहिल्या कारणासाठी केबल बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्यासाठी डीपीची क्षमता वाढवून घेण्याचा अर्ज करून उपयोग नाही.

आपली मोटार 23 ओहमची धरली तर नव्या पुरवठ्यात तिला 198 व्होल्ट मिळतात. संपूर्ण जाळे सोडवून पाहिले तरी उत्तर हेच येते. ज्याला पडताळा हवा त्याने कागद-पेन्सिल घ्यावी.

महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच वापरू नका असे वारंवार सांगते, त्यामागचे गणितही येथेच आहे. वीज येताच ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात. वरच्या उदाहरणात शेजाऱ्याची मोटारही सुरू होण्याच्या अवस्थेत, म्हणजे 4.6 ओहमची, धरली तर आपले समतुल्य व्होल्टेज 198 वर येते आणि सुरू होताना मोटारीला 141 ऐवजी 123 व्होल्ट मिळतात. जोर 38 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर. हे एका शेजाऱ्याचे झाले. एका डीपीवर दहा-पंधरा जण असतील तर कोणाचीच मोटार फिरत नाही आणि डीपी मात्र जळतो. रात्री दोन वाजता उठून वावरात जाण्यापेक्षा ऑटोस्विच बसवणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, रात्रीच्या वेळी वीज देणारे वेळापत्रक त्याने बनवलेले नाही. पण विजेचा हिशेब कोणाची सोय-गैरसोय पाहत नाही.

आकृती न काढता रोध कसा मोजायचा?

तारेची जाडी, खांबांचे अंतर, जोडांची अवस्था यांपैकी काहीही माहीत नसले तरी दोन्ही आकडे मोजता येतात, आणि या नियमाचा खरा फायदा मला यातच दिसतो. मोटार बंद ठेवून स्टार्टरवरचे व्होल्टेज मोजायचे. मग मोटार चालू करून ती स्थिर फिरू लागली की त्याच जागी पुन्हा व्होल्टेज मोजायचे आणि क्लॅम्प मीटरने तारेतला प्रवाह मोजायचा. दोन व्होल्टेजमधल्या फरकाला प्रवाहाने भागले की समतुल्य रोध मिळतो.

समजा बंद असताना 226 व्होल्ट, चालू असताना 198 व्होल्ट आणि प्रवाह 8 ॲम्पियर आहे. फरक 28, भागिले 8, बरोबर 3.5 ओहम. तारा आणि केबल यांचा हिशेब 2.9 ओहम सांगत होता, मग 0.6 ओहम आले कोठून? बहुतेक वेळा ते एखाद्या जोडात असतात: काळा पडलेला कटआउट, ॲल्युमिनियमला तांबे पिळून केलेला सांधा, सैल झालेला स्क्रू. 0.6 ओहमच्या जोडातून 8 ॲम्पियर वाहतात तेव्हा तेथे 38 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारे 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसे वितळवतात, यावरून त्या अंगठ्याएवढ्या जोडाचे काय होत असेल ते समजते.

दोन्ही मोजमापे लगेच एकापाठोपाठ घ्यावीत आणि तीन-चार वेळा घ्यावीत, कारण मधल्या काळात शेजाऱ्याने मोटार सुरू केली तर समतुल्य व्होल्टेजच बदलते आणि उत्तर भलतेच येते. चालू स्टार्टर उघडून मोजणे हे जाणकार वायरमनचे काम आहे, ओल्या वावरात अनवाणी उभे राहून करण्याचे नव्हे.

मोटार म्हणजे काही साधा रोध नव्हे

अभियांत्रिकी शिकलेला वाचक येथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. आपल्याकडची वीज प्रत्यावर्ती आहे, सेकंदाला 50 आवर्तने घेणारी. तिच्यात रोधाबरोबर मोटारीच्या वेटोळ्यांचा आणि तारांचा आणखी एक प्रकारचा अडथळा असतो, आणि दोन्ही मिळून जी राशी होते तिला प्रतिबाधा म्हणतात. थेवेनिनचा नियम प्रतिबाधेलाही जसाच्या तसा लागू पडतो, फक्त बेरीज साध्या आकड्यांची न राहता दिशेसह करावी लागते. दोन मोजमापांच्या रीतीने आलेला आकडाही त्यामुळे अंदाजे असतो. खांबांवरच्या बारीक तारा आणि लहान केबल यांत रोधाचाच वाटा मोठा असल्याने तो अंदाज कामापुरता चांगला येतो. कॅपॅसिटर बसवा असे सांगितले जाते ते या दुसऱ्या अडथळ्यासाठीच: त्याने तारेतला एकूण प्रवाह कमी होतो आणि म्हणून वाटेत खर्च होणारे व्होल्टेजही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. चालू मोटार 23 ओहमच्या रोधासारखी वागते असे वर धरले, पण खऱ्या रोधाचा प्रवाह व्होल्टेज घटल्यावर घटतो, तर भाराखाली फिरणारी मोटार तेवढेच पाणी उचलण्यासाठी व्होल्टेज घटल्यावर जास्त प्रवाह ओढते. त्यामुळे प्रत्यक्षात व्होल्टेज 204 पेक्षा थोडे आणखी खाली जाते आणि शेजाऱ्याचा परिणामही थोडा अधिक होतो. कमी व्होल्टेजवर चालवलेली मोटार थंड राहण्याऐवजी गरम का होते, याचे उत्तर हेच. आपल्या स्टार्टरच्या आतल्या बाजूला काहीही जोडले तरी मागच्या पुरवठ्याचे दोन आकडे मात्र खरेच राहतात. अचूकपणा हवा असेल तर फक्त मोटारीचे वर्णन सुधारावे लागते.

थ्री फेज मोटारीचा हिशेब तुलनेने सोपा आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून प्रवाह परतत नाही, म्हणून प्रत्येक फेजसाठी एकाच तारेचा रोध धरायचा, दुप्पट करायचा नाही.

स्टॅबिलायझर लावला तर?

स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो, वीज निर्माण करत नाही. मोटारीला 204 ऐवजी 230 व्होल्ट देण्यासाठी तो लाइनमधून अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे लाइनमध्ये अधिक व्होल्टेज खर्च होते आणि त्याच लाइनवरच्या इतरांचे व्होल्टेज आणखी घसरते. थोड्या फरकासाठी तो उपयोगी पडतो, पण त्याला एक पक्की मर्यादा आहे. 230 व्होल्ट आणि 2.9 ओहमच्या पुरवठ्यातून जास्तीत जास्त किती शक्ती काढता येईल हे ठरलेले असते: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट, म्हणजे सुमारे 4,560 वॅट. त्या अवस्थेत निम्मे व्होल्टेज लाइनमध्येच जळत असते. कोणतेही यंत्र लावून यापेक्षा एक वॅटही जास्त मिळत नाही.

फ्यूज का उडत नाही?

समतुल्य रोधाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मोटार जळण्यापेक्षा भयंकर आहे. आपल्या स्टार्टरवर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर प्रवाह किती होईल? 230 भागिले 2.9, म्हणजे 79 ॲम्पियर. डीपीवर वारंवार फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी तेथे जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर हा प्रवाह त्या तारेला वितळवायला पुरा पडत नाही आणि शॉर्टसर्किट तसेच चालू राहते. तुटून ओल्या वावरात पडलेल्या तारेची गोष्ट याहून वाईट. तेथे वाटेत जमिनीचा रोधही येतो. तो 20 ओहम धरला तर फेजच्या एका तारेचा 0.75 मिळून एकूण 20.75 ओहम आणि प्रवाह सुमारे 11 ॲम्पियर, म्हणजे जवळपास एका मोटारीएवढा. डीपीवरच्या योग्य मापाच्या फ्यूजलाही ही तुटलेली तार आहे की चालू मोटार आहे हे ओळखता येत नाही, आणि तार जिवंत राहते. पावसाळ्यात वावरात पडलेली तार फ्यूज गेला असेल असे समजून कधीही हलवू नये. गळतीचा लहान प्रवाह ओळखणारे ईएलसीबी हे वेगळे उपकरण असते. त्याच्या पुढच्या वायरिंगमध्ये किंवा मोटारीत विजेची गळती झाली तर ते तत्काळ तोडते. मात्र त्याच्या मागे, खांबावर तुटलेल्या तारेवर त्याचा इलाज चालत नाही.

लहान डीपी आणि 11 हजारांची लाइन

कृषिपंपांना उच्चदाब वितरण प्रणालीतून जोडण्या देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 साली सुरू झाली. एका मोठ्या डीपीवरून दूरवर लघुदाबाच्या तारा ओढण्याऐवजी 11 हजार व्होल्टची लाइनच वावरापर्यंत आणायची आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी लहान रोहित्र बसवायचे, असे तिचे स्वरूप होते. हा खर्च कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला.

उत्तर समतुल्य रोधात आहे. रोहित्र 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करते, म्हणजे व्होल्टेज सुमारे 25.4 पट उतरवते. वरच्या बाजूला तेवढीच शक्ती 25.4 पट कमी प्रवाहात वाहते. वरच्या लाइनमध्ये खर्च होणारे व्होल्टेज एकदा प्रवाह कमी म्हणून घटते आणि खाली उतरताना पुन्हा 25.4 पटीने घटते. एकूण परिणाम असा की वरच्या लाइनचा रोध खालून पाहताना 25.4 च्या वर्गाने, म्हणजे सुमारे 645 ने भागून दिसतो. 800 मीटर लघुदाब तारेने केलेला 1.5 ओहमचा अडथळा तीच तार उच्चदाबाची असती तर नगण्य झाला असता. राहतो तो लहान रोहित्राचा स्वतःचा अडथळा आणि आपली केबल. म्हणून लहान डीपी मिळालेल्या शेतकऱ्याने जुनीच 4 चौरस मिलिमीटरची केबल ठेवली, तर त्याला मिळायला हवा तेवढा लाभ मिळत नाही.

सौर पंपाला हे लागू पडते का?

मागेल त्याला सौर कृषिपंप योजना 2024 मध्ये आली आणि त्यानंतर वऱ्हाडापासून पूर्व विदर्भापर्यंत हा प्रश्न घरोघरी निघतो. सकाळी सात वाजता पॅनेलच्या टोकांवर मीटर लावले तर जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसते आणि पंप मात्र पाणी टाकत नाही. लक्षण ओळखीचे आहे, कारण थोडे वेगळे.

थेवेनिनचा नियम ज्या जाळ्यांत व्होल्टेज आणि प्रवाह एकमेकांच्या सरळ प्रमाणात बदलतात त्यांनाच लागू पडतो. सौर पॅनेल तसे नसते. त्याचे व्होल्टेज ऊन कमी असले तरी फारसे घटत नाही, पण ते देऊ शकेल तो प्रवाह उन्हाच्या प्रमाणात बदलतो, आणि त्या मर्यादेपलीकडे प्रवाह मागितला की व्होल्टेज हळूहळू उतरण्याऐवजी एकदम कोसळते. त्यामुळे पॅनेलसाठी दोन ठरलेले आकडे लिहून ठेवता येत नाहीत. प्रत्येक उन्हाला वेगळा वक्र असतो, आणि पंपाचा कंट्रोलर दिवसभर त्या वक्रावरचा सर्वाधिक शक्तीचा बिंदू शोधत राहतो.

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या आणि कंट्रोलरपासून मोटारीपर्यंतच्या केबलचा हिशेब मात्र लाइनच्या केबलसारखाच असतो. दुपारी बारा वाजता, ढग नसताना, पंप चालू ठेवून पॅनेलजवळ आणि कंट्रोलरच्या आत येणाऱ्या टोकांवर असे दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावे. दोहोंत मोठा फरक आढळला तर पॅनेल बदलून देण्याची तक्रार करण्याआधी मधली केबल आणि तिचे कनेक्टर तपासून घ्यावेत.